म्हैसमाळच्या उतारावर गाडी फिरली, आता पुढं काय?

प्रश्न जालन्याच्या एका २२ वर्षांच्या मुलाचा आहे. वडिलांनी त्याला पुण्याहून सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस २३० घेऊन दिली, २०१७ सालची. आल्या आल्या त्यानं ती स्टेज वन रिमॅप करून घेतली, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवली. जुलैतल्या एका रविवारी चौघं दोस्त म्हैसमाळला गेले. संध्याकाळी पावसात खुलताबादकडं उतरताना एका वळणावर गाडी बाहेर जायला लागली. यानं घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग आणखी कापलं आणि गाडीचं मागचं अंग पुढं आलं. मागचं डावं चाक मोरीच्या कठड्यावर बसलं, मग तोंड बांधात गेलं. एअरबॅग उघडल्या. मागं बसलेला दोस्त मोबाईलवर व्हिडिओ काढत होता, त्याचं कॉलर बोन मोडलं. बाकीचे खरचटण्यावर सुटले.

मुलगा विचारतो: चूक नेमकी कुठं झाली? दोस्त म्हणतात ड्रिफ्टिंगचा कोर्स कर, वडील म्हणतात गाडी विकून टाकू. आणि ‘यापुढं घाटात नेणार नाही, फक्त समृद्धीवर चालवीन’ हे बरोबर आहे का?

मी मोटार विम्याचा सर्व्हेयर आहे. संभाजीनगर, जालना, बीड या पट्ट्यातल्या ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि त्यांचा हिशेब लावायचा, हा माझा धंदा. त्यामुळं उपदेश कमी करतो आणि गाडीकडं बघून जे सांगता येतं ते सांगतो.

तू फोटो पाठवलेस ते बरं केलंस. मी सगळ्यात आधी चेपलेलं बॉनेट बघितलं नाही, टायरची बाजू बघितली. मागच्या उजव्या टायरवर लंबगोलात चार आकडे आहेत, ३११७. म्हणजे २०१७ सालच्या ३१व्या आठवड्यात बनलेला टायर. तो गाडीसोबत कंपनीतूनच आलेला असणार. पुढचे दोन्ही नवेकोरे दिसतात. विकणाऱ्यानं तुला ‘टायर ऐंशी टक्के आहेत’ म्हणून सांगितलं असेल आणि नक्षीच्या खोलीच्या हिशेबानं तो खोटंही बोलला नसेल. पण इतक्या वर्षांचं रबर उन्हानं कडक होतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि गाडी दिवसभर पत्र्याखाली तापत उभी असते. नक्षी शाबूत राहते, पकड जाते. ओल्या डांबरावर असं रबर घसरतंच. खोबणीच्या आत बारीक भेगा दिसतायत का बघ. फोटोत मला तसं वाटतंय, पण फोटोवर पैज लावणार नाही.

आता यातली गंमत अशी की पुढं नवे आणि मागं जुने टायर ही जोडी आपल्याकडच्या प्रत्येक टायरवाल्याची आवडती आहे. पुढची चाकं ओढतात, पुढचे टायर आधी झिजतात, म्हणून नवे पुढं घालायचे. ग्राहकालाही ते पटतं. खरं तर दोनच नवे घ्यायचे असले तर ते मागं बसवावेत आणि मागचे बरे असतील ते पुढं आणावेत. कारण पुढची पकड सुटली तर गाडी वळणाबाहेर सरळ जाते आणि पाय काढला की बहुतेकदा परत ऐकते. मागची पकड सुटली तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं नव्या माणसाच्या हातातलं काम नाही.

तुझ्या वळणावर दोन्ही गोष्टी एकामागून एक झाल्या. आधी वेग जास्त होता म्हणून पुढची चाकं बाहेर सरकली. तू एकदम पाय काढलास. उतार होता, त्यात इंजिनाचा ब्रेक लागला, गाडीचं वजन पुढं झुकलं. पुढच्या नव्या टायरांवर भार आला, त्यांनी रस्ता धरला, आणि तेव्हा स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त कापलेलं होतं. मागं वजन नाही, टायर कडक, खाली पाणी. मागचं अंग सुटलं. ‘फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी मागून घसरत नाही’ असं तुला ज्यानं सांगितलं त्याला हे समजावून सांग.

तू लिहिलंस की वेग ‘साठ-पासष्ट असेल’. माझ्या टेबलावर येणाऱ्या कुठल्याच क्लेम फॉर्मवर वेग ऐंशीच्या वर नसतो, मग इंजिन मागं सरकून फायरवॉलला, म्हणजे केबिनच्या पुढच्या पत्र्याला, का टेकलेलं असेना. पण तुझं साठ-पासष्ट खरं धरू. एखादं वळण ५० मीटर त्रिज्येचं असेल, तर कोरड्या चांगल्या डांबरावर चांगल्या टायरनं तिथं फार तर ताशी ७० किलोमीटरपर्यंत गाडी टिकते. तेच ओलं झालं की ५५ वर येते. टायर कडक असतील तर ५०. ही टोकाची मर्यादा झाली. तिथं चालवायचं नसतं, तिच्या बरंच खाली राहायचं असतं. आणि या हिशेबात हॉर्सपॉवर कुठंच येत नाही. वळणावर २३० हॉर्सपॉवरच्या गाडीला आणि घरच्या स्विफ्टला एकच नियम, रबर आणि डांबर. हॉर्सपॉवर फक्त दोन वळणांच्या मधल्या तुकड्यात कामाला येते. तेवढ्यात स्विफ्ट पन्नासवर पोचते, तुझी आरएस ऐंशीवर. म्हणजे जोरदार गाडी वळण सोपं करत नाही, ती तुला वळणापाशी जास्त वेगात आणून सोडते. त्यात तुझा रिमॅप. कंपनीनं दिलेले २३० कमी पडले म्हणून तू तिनशेच्या घरात गेलास, आणि मागचे टायर तेच ठेवलेस.

ईएससी होतं ना, असं तू विचारतोस. होतं. ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ ठेवायचा प्रयत्न करतं. पण त्याच्याही हातात तीच चार टायरांची पकड असते. पकडच संपली तर कॉम्प्युटर काय करणार? आणि गाडी स्पोर्टवर होती का, बटण दाबून ईएससी ढिलं केलेलं होतं का, हे तुला आठवत नाही म्हणतोस. ते आठव. महत्त्वाचं आहे.

आता खरा मुद्दा. अपघात माणसाला शहाणा करतो असं सगळे म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. अपघातातून पोरं काही ना काही शिकतातच, पण बहुतेकदा चुकीचं. एक म्हणतो, रस्त्यावर शेवाळ होतं, नशीब खराब. दुसरा म्हणतो, गाडी मजबूत म्हणून वाचलो, म्हणजे पुढची याहून मजबूत घ्यायची. तिसरा म्हणतो, मला घसरलेली गाडी सावरता आली असती तर काही झालं नसतं, म्हणून ते शिकतो. तुझे दोस्त या तिसऱ्या वाटेवर आहेत आणि ती तिन्हींत सगळ्यात धोक्याची आहे, कारण ती शहाणपणाची वाटते.

नॉर्वेत हे करून झालंय. तिथं बर्फावर गाडी सावरण्याचं प्रशिक्षण नव्या ड्रायव्हरांना सक्तीचं केलं आणि नंतर तपासलं, तर तरुण मुलांचे घसरणीचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले दिसले. कारण उघड आहे. सुरक्षित मैदानावर चार वेळा गाडी सावरली की पोराला वाटतं आपल्याला जमतं, मग तो रस्त्यावर दहानं वेग वाढवतो. हात थोडासा सुधारतो, धाडस त्याहून जास्त वाढतं. तुला जोरात चालवायची खरीच ओढ असेल तर कोइंबतूरला करी स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. रीतसर ट्रॅक डेला जा, हेल्मेट घाल, पैसे मोज, हौस फेड. मी हौसेच्या विरोधात नाही. फक्त ते म्हैसमाळच्या उताराचं औषध आहे असं समजू नको. तिथं समोरून बैलगाडी येत नाही आणि मोरीचा कठडाही नसतो.

तर शिकायचं काय? वळणावर काय केलं असतं, हे नव्हे. वळणाच्या आधीचे पाच सेकंद. ताशी ६० नं पाच सेकंदांत गाडी ८० मीटरच्या वर जाते. सगळे निर्णय त्या ८० मीटरांत झालेले असतात. एक वही घे आणि लिही. डोळे कुठं होते? पाय कशावर होता? गिअर डीएसजीनं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सनं, निवडला होता की तू स्टिअरिंगमागचं पॅडल ओढलंस? वायपर कितीवर होता? गाणं चालू होतं का? कोण काय बोललं? मागचा दोस्त व्हिडिओ काढतोय हे तुला माहीत होतं का, आणि माहीत होतं म्हणून तू जरा जास्त पळवलीस का? याचं उत्तर मला नको, वहीत लिही. तो व्हिडिओ कुणालाही डिलीट करू देऊ नको. त्यात मीटर दिसत असेल तर बघ, नसेल तर निदान इंजिनाचा आवाज ऐक. वळणाआधी तो कमी होतोय की वाढतोय, एवढं कळलं तरी खूप झालं.

मग एखाद्या कोरड्या दिवशी वडिलांना घेऊन स्विफ्टनं तिथं जा. गाडी लांब, सुरक्षित जागी लाव आणि ते वळण पायी उतर. बसून बघितलेला रस्ता आणि पायी चाललेला रस्ता वेगळा असतो. उतार कुठं वाढतो, पाणी कुठून आडवं वाहत येतं, डांबर कुठं गुळगुळीत झालंय, वळण पुढं आणखी आवळतंय का, हे सगळं तुला दिसेल.

समृद्धीबद्दल. तू म्हणतोस घाट नको, सरळ सिमेंटचा रस्ता बरा. सावंगीला चढायचं, जालन्याला उतरायचं. सरळ रस्त्यावर गाडी गरकन फिरण्याची भीती कमी, हे खरं. पण तिथं दुसरं गणित लागू होतं. माणसाला समोरचं दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धर. कोरडा रस्ता, चांगले टायर. १०० नं जाणारी गाडी साधारण ९० मीटरमध्ये थांबते. १२० ची १२० मीटरला. १६० ची १९० च्या वर. आणि रात्री लो बीममध्ये तुला धड दिसतं पन्नास-साठ मीटर. यातला एक आकडा मी पालकांना नेहमी सांगतो. शंभरवाला जिथं पूर्ण थांबला, नेमक्या त्याच जागी एकशेवीसवाला अजून जवळपास ऐंशीच्या वेगात असतो. वीसचा फरक, आणि एकाला काहीच झालं नाही तिथं दुसरा ऐंशीनं आदळला. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. तुझी रिमॅप केलेली गाडी १२० ला झोप काढत असते, हीच अडचण. कडेला बंद पडलेला ट्रक १६० ला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि समृद्धी सोडून आपले बाकीचे रस्ते कसे आहेत, हे तुला सांगायला नको. उसाच्या सीझनमध्ये बीड-माजलगाव पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरची काळी माती डांबरावर पसरते आणि वर भुरभुर पाऊस पडला की साबण होतो. रात्री रोही (नीलगाय) आडवा येतो. मोठा रोही दोनशे किलोच्या वर भरतो, आणि त्याचे पाय बंपरनं उडवले की धड सरळ काचेवर येतं. मी अशी गाडी बघितली आहे. बंपरला जेमतेम तडा आणि छत पुढून आत दबलेलं.

मागच्या सीटचा पट्टा. तुझा दोस्त व्हिडिओसाठी दोन सीटच्या मधून पुढं वाकला होता, म्हणजे पट्टा नव्हता. नशीब की कॉलर बोनवर भागलं. गोपीनाथराव मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत अपघातात गेले, ते कारच्या मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. अख्खा बीड जिल्हा त्या दिवशी रडला, आणि आजही बीडहून निघालेल्या गाडीत मागचा पट्टा सीटखाली दाबून ठेवलेला असतो. यावर जास्त बोलत नाही.

विम्याचं. रिमॅप विमा कंपनीला कळवलेला नव्हता, हे तू मोकळेपणानं लिहिलंस. रिमॅप करणारा ट्यूनर म्हणाला असेल, सर्व्हे व्हायच्या आधी स्टॉक फाइल (कंपनीचा मूळ प्रोग्रॅम) टाकून देतो. टाकू नको. न कळवलेला बदल सापडला तर कंपनी क्लेम कमी करू शकते, नाकारूही शकते. पण लपवताना सापडलास तर प्रकरण फसवणुकीवर जातं. सर्व्हेयरला आधी सांगून टाक आणि जे होईल ते घे. आणि एक गोष्ट जी आपल्याकडं फार चालते: ‘फॉर्मवर ड्रायव्हरचं नाव टाकू, पोराचं लायसन खराब नको.’ तुझ्या वडिलांनी असं काही सुचवलं असेल तर नाही म्हण. पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. जामिनाला घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट सगळ्यांच्या लक्षात राहिली. मला त्यातलं दुसरं जास्त लागलं. घरच्या ड्रायव्हरला गुन्हा अंगावर घ्यायला लावल्याचा आरोप कुटुंबावर झाला. पोराचं केलेलं दुसऱ्याच्या नावावर गेलं की पोरगा नेमकं काय शिकतो?

जाता जाता, ज्यांची पोरं १६-१७ ची आहेत त्या पालकांसाठी: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. किल्ली कपाटात कुलूपबंद ठेवा.

गाडी ठेवायची की विकायची, हे दुरुस्तीच्या अंदाजपत्रकावर ठरेल. खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला तर टोटल लॉस होईल आणि प्रश्नच मिटेल. त्याच्या आत असेल तर गॅरेजवाल्याकडून दोन गोष्टी लेखी घे. पहिली, मागच्या सबफ्रेमची (चाकांचे आर्म ज्यावर बसतात तो सांगाडा) आणि चेसिसची मापं आणि चारही चाकांच्या अलायनमेंटचा प्रिंट. चाक कठड्यावर बसलंय, म्हणजे नुसता आर्म बदलून भागेल असं मला वाटत नाही. दुसरी, एअरबॅगसोबत पुढचे पट्टे. धडकेत पट्टा आवळणारा प्रिटेन्शनर एकदाच फुटतो, तो नवाच लागतो. काही गॅरेजवाले एअरबॅगच्या जागी रेझिस्टर टाकून डॅशबोर्डवरचा दिवा विझवून देतात. दिवा विझतो, आत काहीच नसतं. तेव्हा नव्या एअरबॅगचं बिल आणि जुनी फुटलेली बॅग, दोन्ही ताब्यात घे.

वडील विकायचं म्हणतात त्यामागं भीती आहे आणि ती रास्त आहे. पण त्यांनीच ती घेऊन दिली, हेही आहे. यात मी एकट्या त्यांना धरत नाही. २०१० साली तेव्हाच्या औरंगाबादनं एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या, देशभर बातम्या झाल्या, आपल्यालाही कौतुक वाटलं. ऑक्टाव्हिया तर घरचीच, शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना असलेलं आपलं शहर. गाड्या आल्या, पण त्या चालवायला शिकवणारं इथं कुणी आलं नाही. लर्निंग काढायचं, महिन्यानं आरटीओच्या मैदानात एक चक्कर मारायची, झालं पक्कं लायसन. त्यावर तू अल्टो चालव नाही तर तीनशे हॉर्सपॉवर. न्यूझीलंडनं १९८७ पासून टप्प्याटप्प्याचं लायसन ठेवलंय. लर्निंगनंतरच्या मधल्या टप्प्यात रात्री १० ते पहाटे ५ एकट्यानं गाडी चालवायची नाही आणि सोबत अनुभवी माणूस नसेल तर पॅसेंजरही नाही. कायदा इथं नसला तरी घरात तो करता येतो. तुझ्यासाठी मी असं सुचवीन: पुढचा पावसाळा संपेपर्यंत रोजची गाडी स्विफ्ट. सूर्य मावळल्यावर आरएस नाही, समवयस्क दोस्त सोबत असतानाही नाही. रिमॅप काढून कंपनीचा मॅप परत. चार नवे टायर, एकाच बनावटीचे. किल्ली वडिलांकडं. हे तुला अपमानासारखं वाटेल, वाटू दे.

एक सराव मात्र जरूर कर, आणि तो सावरण्याचा नाही, थांबवण्याचा. जिनिंगचं मोठं मोकळं अंगण असेल, माणसं-जनावरं नसतील, वडील शेजारी असतील तेव्हा ४० च्या वेगात स्विफ्टचा ब्रेक पूर्ण ताकदीनं दाब आणि दाबूनच ठेव. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) लागलं की पायाखाली पेडल थरथरतं, खडखड आवाज येतो. बहुतेक पोरांना हे पहिल्यांदा खऱ्या अपघातातच जाणवतं, आणि काहीतरी मोडलं असं वाटून ती ऐन वेळी पाय उचलतात. मग अंगणात पाणी मारून तेच कर आणि किती पुढं जाऊन थांबते ते पावलांनी मोज. कोरड्या-ओल्यातला फरक एकदा पावलांनी मोजलेला बरा.

दोस्ताच्या घरी गेलास का, ते तू लिहिलं नाहीस. नसशील गेलास तर वडिलांसोबत जा, उद्याच. दवाखान्याच्या खर्चाचं तिथंच बोला. आणि त्याचे घरचे नुकसानभरपाईचा दावा लावतो म्हणाले तर रुसू नको, तो त्यांचा हक्क आहे.

अंदाजपत्रक हातात आलं की मागच्या सबफ्रेमचे फोटो खालून काढून पाठव, गाडी लिफ्टवर असताना. बोल्टच्या भोवतीचा पत्रा मला दिसला पाहिजे. तो बघून ठेवायची की विकायची ते पक्कं सांगतो.